पिशवी काढली की अंगातल्या वाफाही थांबतात का?

नंदनवनची डबेवाली
9 जुलै, रात्री 2:50

नमस्कार. मी नागपूरची, नंदनवनला राहते. वय 47. घरून डबे पुरवते, सध्या सकाळचे 34 आणि संध्याकाळचे 21. पहाटे पावणेपाचला उठते, साडेनऊच्या आत पोरगा सकाळचे डबे घेऊन निघतो. रात्री भांडी आवरून आडवं व्हायला अकरा वाजतात. आणि आता तीन वाजायला आले, मी ओट्याला पाठ लावून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आहे, कारण घरात ही फरशी तेवढी थंड आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीपासून पाळी बिघडली. कधी विसाव्या दिवशीच येते, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ-नऊ दिवस अंगावरून जातं. पहिले तीन दिवस गाठी पडतात, तासातासाला पॅड बदलावं लागतं. रात्री गादी खराब होऊ नये म्हणून जुन्या चादरीची घडी खाली घेते. मे महिन्यात पोळ्या लाटता लाटता डोळ्यांपुढे अंधारी आली. ओटा धरला म्हणून पडली नाही.

त्याच्यासोबत या वाफा. छातीतून सुरू होते, गळ्यातून वर चेहऱ्यावर चढते, कान पेटल्यासारखे होतात आणि मग केसांच्या मुळांतून पाणी वाहायला लागतं. दोन-तीन मिनिटं चालतं. घाम वाळला की लगेच हुडहुडी. छातीत धडधड होते ती वेगळी. दिवसा सात-आठ वेळा, रात्री तीन-चार वेळा. उन्हाळाभर मी समजत होती, नागपूरचा मे आहे, 45 डिग्रीत दोन शेगड्यांसमोर उभं राहिलं तर घाम येणारच. घरचेही तेच म्हणत होते. पण मला जानेवारी आठवतो. संक्रांतीचा आठवडा, सगळे दुलईत गुरफटलेले, आणि मी रात्री एक वाजता गॅलरीत, गाऊन पाठीला चिकटलेला. समोरच्या बिल्डिंगचा चौकीदार शेकोटीवर हात धरून बसला होता. त्या रात्री मला आई आठवली. सावनेरच्या घरी ती ऐन थंडीत आंगणात बाज टाकून झोपायची. आम्हा बहिणींना वाटायचं बाबांशी बिनसलं असेल. तिला जाऊन 11 वर्षं झाली, आता कोणाला विचारू?

झोप नाही म्हणून डोकं चालत नाही. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस बिनमिठाचं वरण डब्यांत गेलं. 19 वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पोरांचे फोन आले. एकाने तक्रार केली नाही, फक्त विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे ना?" फोन ठेवला आणि मी रडली. रडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

एका खासगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत अडीच सेंटीमीटरची गाठ निघाली. हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काम काय? काढून टाकू, अंडाशयही सोबतच काढू, म्हणजे पुढे कॅन्सरची भीती नाही." वाफांचं विचारलं तर म्हणाले, "ते सगळं पिशवीमुळेच आहे, मोकळ्या व्हाल." पाच मिनिटांत 22 जुलै ही तारीखही मिळाली. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई दोघींची पिशवी काढलेली आहे. सासूबाई म्हणतात, "काऊन जीव जाळून राहिली? काढून टाक एकदाची." हे म्हणतात, तुला बरं वाटेल ते कर.

माझा प्रश्न एवढाच. पिशवी काढली की या वाफा थांबतात का? ज्यांनी काढली त्यांनी खरं सांगा. महिना-दीड महिना डबे बंद ठेवावे लागतील, ती माझी तयारी आहे. पण तेवढं करून पुन्हा याच फरशीवर येऊन बसायचं असेल, तर ते मला आधी कळायला पाहिजे.


काटोल रोड
9 जुलै, सकाळी 7:15

ताई, नाही थांबत. माझ्या तर पिशवी काढल्यावरच सुरू झाल्या.

2014 ची गोष्ट, मी 41 ची. तुमच्यासारखंच अंगावरून फार जात होतं. वाफा वगैरे काही नव्हतं. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या रात्री वॉर्डात एकदम अंग पेटलं, उशी ओली झाली. सिस्टरला वाटलं ताप चढला. थर्मामीटर लावला तर 98.4. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी आली तर दिवसातून पंधरा-पंधरा वेळा. सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा.

डिस्चार्जच्या कागदावर 'टीएएच' आणि पुढे 'बीएसओ' लिहिलं होतं. तो कागद चार-पाच वर्षं माझ्या कपाटात फाइलीत होता. टीएएच म्हणजे पोटावर चीर देऊन गर्भाशय काढलं आणि बीएसओ म्हणजे नळ्यांसकट दोन्ही अंडाशयं काढली, हे मला 46 व्या वर्षी कळलं, तेही मनगट मोडल्यावर. बाथरूममध्ये घसरली, हात टेकला आणि हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, पाळी कधी गेली? मी म्हटलं, 41 ला पिशवी काढली. त्यांनी फाइल मागवली, वाचली, आणि मला समजावून सांगितलं. हाडांची घनता मोजली, डेक्सा म्हणतात त्याला. हाडं ठिसूळ झालेली निघाली. एवढ्या लहान वयात अंडाशयं काढली तर निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यायला पाहिजे होते, असं ते म्हणाले. मला कोणी दिले नाहीत, आणि मी मागितले नाहीत कारण मला माहीतच नव्हतं.

दुसरं एक लिहिते, कारण समोरासमोर कोणी बोलत नाही. जागा कोरडी पडते. संबंधाच्या वेळी दुखतं, आणि लघवीला सारखी जळजळ. दोन वर्षांत मी सहा वेळा अँटिबायोटिकचे कोर्स घेतले. शेवटी एका डॉक्टर बाईंनी आतून लावायचं इस्ट्रोजेन या हार्मोनचं क्रीम दिलं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. सहा-सात आठवड्यांत फरक पडला.

माझं म्हणणं एवढंच आहे ताई, की आपण सगळ्यालाच 'पिशवी' म्हणतो. गर्भाशय वेगळं, अंडाशयं वेगळी. "पिशवी काढायची" असं म्हटलं की दोन्हीला होकार दिल्यासारखं होतं. सही करायच्या आधी कागद मराठीत वाचून मागा आणि अंडाशयांचं नाव घेऊन विचारा.


निवृत्त सिस्टर
9 जुलै, दुपारी 1:30

मी 31 वर्षं नोकरी केली, त्यातली 20 स्त्रीरोग वॉर्डात. डॉक्टर नाही, पण जे रोज पाहिलं ते सांगते. वर काटोल रोडच्या ताईंनी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे.

तुम्हाला दोन त्रास आहेत. रक्त जाणं गर्भाशयातून होतं. वाफा गर्भाशयातून येत नाहीत, त्या मेंदूतून येतात. शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा मेंदूत आहे, हायपोथॅलॅमस. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी व्हायला लागलं की तिथल्या काही पेशी अति जाग्या होतात. तुम्ही रोज कुकर लावता, तुम्हाला लगेच कळेल. शिटी सैल झाली की पुरेसा दाब नसतानाही वाफ सोडते. तसंच हे. अंगाचं तापमान जराससं वाढलं तरी मेंदूला वाटतं फार तापलं, तो कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, आणि मग उगाच जास्त थंड झाल्यामुळे हुडहुडी भरते. आता तुम्हीच सांगा, यात गर्भाशय काढून काय साधणार? आणि अंडाशयं काढली तर जे इस्ट्रोजेन हळूहळू कमी होणार होतं ते एका दिवसात जातं. म्हणून ऑपरेशननंतरच्या वाफा जास्त जोराच्या असतात. नुसतं गर्भाशय काढून अंडाशयं ठेवली, तरी काही जणींची अंडाशयं थोडी लवकर थकतात.

पाळी नेमकी कधी गेली म्हणायची? सलग 12 महिने आली नाही, की मग. भारतात हे साधारण 46-47 च्या सुमारास होतं, पाश्चात्त्य देशांत 51 च्या. त्याच्या आधीची चार ते आठ वर्षं ही अशीच गोंधळाची. काही महिन्यांत अंडं सुटतच नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम गाठी-गाठींनी पडतं. तुमचं वीस दिवस, दोन महिने, मग नऊ दिवस, ते यातून येत असावं. विसरणं, विनाकारण रडू येणं, छातीतली धडधड, सांधे आखडणं, हेही याच काळातलं. मात्र "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. थायरॉइड बिघडलं तरी अगदी असंच होतं, आणि हिमोग्लोबिन 8.4 असेल तर धडधड आणि अंधारी त्यामुळेही येते.

आता ऑपरेशनचं. पिशवी काढणं वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल असतील, गाठी मोठ्या होऊन लघवीवर दाब येत असेल, किंवा सगळे उपाय करूनही रक्त थांबत नसेल, तर ते ऑपरेशन जीव वाचवतं. मी असंख्य बायका त्यानंतर टवटवीत झालेल्या पाहिल्यात. पण तुमच्या बाबतीत अजून एकही उपाय करून पाहिलेला नाही. अडीच सेंटीमीटरची गाठ फार मोठी नाही, आणि पाळी गेल्यावर अशा गाठी बहुतेक वेळा आकसतात. कॅन्सरची भीती म्हणून सरसकट अंडाशयं काढणं तर मला पटतच नाही. घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचा ठोस इतिहास असेल, जनुकीय दोष सापडला असेल, तर गोष्ट निराळी. नाहीतर पाळी जायच्या आधी काढलेल्या अंडाशयांची किंमत हाडं आणि हृदय मोजतात.

दुसरीकडे दाखवा. नंदनवनहून मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जवळ आहे. मेयो, डागा, मिहानमधलं एम्स, सगळीकडे स्त्रीरोग विभाग आहे. तिथे हे विचारा: वयाच्या 45 नंतर इतकं रक्त जात असताना अस्तराचा तुकडा तपासायला घेतला का? बायॉप्सी म्हणतात. माझ्या मते ही तपासणी सगळ्यात आधी हवी, तुमच्या कागदांत ती दिसत नाही. मग पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची गोळी, लोहाच्या गोळ्या, आणि हार्मोनवालं लूप. लूप म्हटलं की बायका कॉपर-टी समजतात. कॉपर-टीने रक्त वाढू शकतं. हे वेगळं, याच्यातून प्रोजेस्टेरॉनसारखं औषध रोज थोडं-थोडं गर्भाशयातच सुटतं, अस्तर पातळ होतं आणि पाळी कमी होत जाते. पहिले तीन-चार महिने डाग दिसतात, तेवढं सोसावं लागतं.

वाफांसाठी हार्मोनचे उपचार आहेत. त्याचं सविस्तर लिहायला वेळ लागेल, नातवाला शाळेतून आणायचं आहे. संध्याकाळी येते.


महालची सून
9 जुलै, दुपारी 3:05

माझ्या आईने मला रोज दोन चमचे जवसाची चटणी आणि सोयाबीनचं पीठ कणकेत घालायला लावलं आहे. शतावरी पण घेते. चार महिन्यांत मला तरी बरं वाटतं. ताई, घरचं करून पाहा, हार्मोनच्या नादी लागू नका, माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी तिला हार्मोन घेऊ नका असंच सांगितलं होतं.


मानेवाडा
9 जुलै, रात्री 9:20

मी पुरुष आहे, लिहू की नको असं दिवसभर होत होतं. माझी बायको 50 ची. दोन वर्षांपूर्वी ती वेगळ्या खोलीत झोपायला लागली, जवळ गेलं की हात झटकायची. मी समजलो माझ्यावर राग आहे. मीही बोलणं कमी केलं. सहा महिने घरात आम्ही फक्त भाजी आणि बिलांबद्दल बोलत होतो. आमची मुलगी नर्सिंगला आहे, ती सुट्टीत आली आणि तिने मला बसवून सांगितलं, की बाबा, आईला दुखतं, आणि ती तुम्हाला सांगू शकत नाही. काटोल रोडच्या ताईंनी लिहिलं आहे तेच. मला 52 व्या वर्षी माझ्या मुलीकडून हे ऐकावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं.

आता तिच्या उशाशी मी रात्री पाण्याची बाटली आणि कोरडा टॉवेल ठेवतो. पंखा तिच्या मनासारखा, मी दुलई घेतो. पावसाळ्यात कूलर लावून नुसता दमटपणा वाढतो, तिला त्याने जास्त त्रास होतो, म्हणून बंद केला. डॉक्टरकडे सोबत जातो.

डबेवाली ताईंच्या मिस्टरांना माझा निरोप द्या. "तुला बरं वाटेल ते कर" हे मीही म्हणायचो. त्याने बाई एकटी पडते. सोबत जा, रांगेत उभे राहा, डॉक्टर काय म्हणतात ते आपल्या कानांनी ऐका.


निवृत्त सिस्टर
9 जुलै, रात्री 10:10

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

महालच्या ताई, जवस चांगलं, पोट साफ राहतं, आपल्या विदर्भातल्या घरांत ते असतंच. पण वाफांवर जवस देऊन अभ्यास झालेले आहेत, नुसत्या दिखाऊ, आत जवस नसलेल्या पदार्थापेक्षा जास्त फरक पडला नाही. सोयाबीनचा थोडा उपयोग काही जणींना होतो. तुम्हाला बरं वाटतंय तर चटणी जरूर खा. शतावरीचं किंवा कुठल्याही काढ्याचं मात्र डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि तुमच्या मावशींना दिलेला सल्ला बरोबरच होता. ज्या बाईला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला आहे तिला हार्मोन सहसा देत नाहीत. पण तो सल्ला त्यांच्यासाठी होता, सगळ्यांसाठी नाही.

ही भीती कुठून आली ते सांगते, कारण मी तेव्हा नोकरीत होते. 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाची बातमी आली, हार्मोनमुळे कॅन्सर आणि हृदयविकार वाढतो म्हणून. एका रात्रीत डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झालेली. आणि वाढ किती? इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध दोन्ही घेणाऱ्या 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण 8 केसेस जास्त. पिशवी काढलेल्या ज्या बायका फक्त इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांच्यात तर वाढ दिसलीच नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण तो धोका न सांगता 20 वर्षं बायकांना नुसतं "सोसा" म्हटलं गेलं, याचा मला आजही राग येतो. आज समज अशी आहे की वय 60 च्या आत, किंवा पाळी जाऊन 10 वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त होतो. वाफांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही, आणि हाडंही सांभाळली जातात.

नियम एक पक्का लक्षात ठेवा. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच घ्यायचं नाही, अस्तर वाढून तिथे कॅन्सरचा धोका होतो. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. डबेवाली ताई, म्हणून मी हार्मोनवाल्या लूपचं नाव घेतलं. ते रक्तही कमी करतं आणि अस्तरालाही राखतं, मग वरून दंडावर किंवा मांडीवर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल पुरतं. कातडीतून घेतलेलं इस्ट्रोजेन थेट यकृतातून जात नाही, त्यामुळे गोळीसारखा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत नाही. पण हे सगळं बायॉप्सीचा रिपोर्ट आल्यावर. कारण न कळलेला रक्तस्राव चालू असताना हार्मोन सुरू करत नाहीत. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर तेही आधी सांगायचं.

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारख्या गोळ्या कमी मात्रेत देतात. पहिली मनाच्या आजारांसाठी आणि दुसरी फिटसाठी आलेली आहे, चिठ्ठीवर नाव पाहून घाबरू नका. मेंदूतल्या त्याच पेशींवर काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं, त्यात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

आणि दोन गोष्टी, ज्या वॉर्डात मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. "परत पाळी आली" म्हणून खूश झालेल्या बायका मी फार उशिरा टेबलावर आलेल्या पाहिल्या आहेत. दुसरी, पाळी मागे-पुढे होते म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. 50 च्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं आणि 50 नंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची.


नंदनवनची डबेवाली
10 जुलै, पहाटे 4:40

सगळं वाचलं, दोनदा. मानेवाड्याच्या दादांचा निरोप यांना मोबाइलवरच वाचायला दिला. काही बोलले नाहीत. पण आत्ता उठली तर हे माझ्या आधी उठून कणीक भिजवत आहेत. 22 तारखेचं मी अजून रद्द केलेलं नाही. सोमवारी मेडिकलला जाऊन येते, मग ठरवते.


नंदनवनची डबेवाली
1 ऑगस्ट, रात्री 11:30

उशीर झाला लिहायला, माफ करा.

आधी सांगते, 22 तारखेचं ऑपरेशन मी केलं नाही. फोन करून कळवलं. पलीकडून विचारलं, घाबरलात का? मी म्हटलं, नाही, तपासणी राहिली आहे.

सोमवारी मेडिकलच्या ओपीडीत गेलो, दोघं. मोठी रांग होती, हे उभे राहिले, मी बाकावर बसली. आत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. मी सिस्टरांचे प्रश्न डब्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून नेले होते. मॅडमनी ती वहीच मागितली. मी घाबरली, वाटलं रागावतील. त्यांनी वाचलं आणि मागच्याच पानावर चार रकाने आखून दिले. तारीख, वाफा किती, रात्री किती वेळा उठली, पॅड किती. म्हणाल्या, पुढच्या वेळी हे भरून आणा, मला तुमच्या सोनोग्राफीइतकंच हे लागेल.

थायरॉइडचं रक्त तपासलं, ते नॉर्मल आलं. बायॉप्सी तिथेच झाली, बारीक नळीने. दोन मिनिटं जोरात कळ आली, ओटीपोट पिळल्यासारखं झालं, मग थांबली. दहा मिनिटं पडून राहिली आणि ऑटोने घरी. दुसऱ्या दिवशी डबे चुकले नाहीत. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड पाळीच्या पहिल्या चार दिवसांसाठी दिलं आणि लोहाची गोळी रोज एक, महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा बघणार. 19 तारखेला पाळी आली, पहिल्यांदाच रात्री खाली चादर घ्यावी लागली नाही. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, तीही लिहून दिली आहे. अंडाशयांचं मी नाव घेऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्यांना हात लावायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

वहीत तीन आठवडे रकाने भरले. एक गोष्ट दिसली ती मलाच माहीत नव्हती. सगळ्यात जास्त वाफा सकाळी 7 ते 9, म्हणजे तवा चालू असताना, आणि रात्रीच्या जेवणानंतर चहा घेतला की त्या रात्री चार वेळा उठणं ठरलेलं. रात्रीचा चहा सोडला तर दोनवर आलं. सकाळच्या पोळ्यांना गल्लीतल्या एक मावशी ठेवल्या, दोन तास. पैसे जातात, पण मला तव्यापासून दोन पावलं लांब उभं राहता येतं. भाज्या मीच करते, त्या मी कोणाला देणार नाही.

वाफा गेल्या नाहीत. जोर तेवढाच आहे. पण आली की आता मला समजतं हे काय आहे, मी खिडकीपाशी जाते, ओला रुमाल मानेवर ठेवते, सासूबाई काही म्हणत नाहीत. परवा त्यांनी विचारलं, "माही पिशवी काढली तवा ते दुसरं बी काढलं होतं काय?" त्यांचे कागद आता सापडणार नाहीत. त्या वर्षी ऐन पौषात ओसरीत झोपायच्या, असं म्हणाल्या. माझी आई आंगणात, या ओसरीत.

बायॉप्सीचा रिपोर्ट मंगळवारी मिळणार आहे. चांगला आला तर हार्मोनवालं लूप आणि नंतर जेल, असं मॅडमनी सांगितलं आहे. सिस्टर, एक विचारायचं होतं. लोहाच्या गोळीने पोट जड होतं आणि शौचाला काळं होतं. मी ती सकाळच्या चहासोबत घेते. बरोबर आहे का?


निवृत्त सिस्टर
2 ऑगस्ट, सकाळी 6:20

चहासोबत नको, लोह अंगी लागत नाही. चहाच्या आधी किंवा नंतर निदान एक-दीड तास जाऊ द्या. दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लिंबूपाणी चालेल. काळं होतं ते लोहामुळे, त्याची भीती नाही. पोट फारच जड झालं तर जेवणानंतर घ्या, आणि तरी सोसलं नाही तर मंगळवारी मॅडमना सांगा, दिवसाआड घ्यायला सांगतील किंवा सलाइनमधून देतील. वही सोबत न्या. रिपोर्टमध्ये काय लिहून आलं ते इथे कळवा, मी वाट पाहते.